परक्या गुलामगिरीचें सोयीचें दुःख

चाकण येथील एका वाचकमंडळांत कांहीं दिवसांपूर्वीं एका अमेरिकन कादंबरीवर चर्चा झाली. मंडळ लहान आहे. महिन्यांतून एकदां आळीपाळीनें कोणाच्या तरी घरीं जमतें. कारखान्यांत अधिकारावर असलेले गृहस्थ, त्यांच्या सुविद्य पत्न्या, दोन-तीन शिक्षिका, एक-दोन पेन्शनर अशी मंडळी. पुस्तक आधीं सर्वांनीं वाचून यावयाचें आणि मग बोलावयाचें असा तेथील नियम आहे, आणि तो पाळला जातो ही अभिमानाची गोष्ट होय. कारण न वाचतां बोलण्याची विद्या आमच्याकडे बरीच पुढें गेलेली आहे. अशा मंडळावर टीका करण्याची वेळ यावी हें आम्हांस फारसें आवडत नाहीं. परंतु त्या दिवशीं तेथें जें एक वाक्य उच्चारलें गेलें आणि ज्या सहजपणें तें सर्वांनीं मान्य केलें, तें वाक्य एका मंडळाचें नाहीं, साऱ्या सुशिक्षित महाराष्ट्राचें आहे. म्हणून हा प्रपंच.

कादंबरी स्यू मंक किड या लेखिकेची, ‘द इन्व्हेन्शन ऑफ विंग्ज’ या नांवाची, २०१४ सालीं प्रसिद्ध झालेली. अमेरिकेच्या दक्षिण भागांत चार्लस्टन म्हणून बंदर आहे. तेथील न्यायाधीश ग्रिमके यांच्या घरीं साराह या मुलीला अकराव्या वाढदिवशीं एक भेट मिळते. भेट म्हणजे हेट्टी नांवाची, जवळजवळ तिच्याच वयाची, गुलाम मुलगी. रेशमी फिती बांधून समोर उभी केलेली. साराह आणि तिची धाकटी बहीण अँजेलिना या कल्पित व्यक्ति नव्हेत. साराहचा जन्म १७९२ चा, अँजेलिनाचा १८०५ चा. गुलामांच्या मालकांच्या घरांत वाढलेल्या या दोघी बहिणी पुढें उत्तरेकडे गेल्या आणि गुलामगिरीविरुद्ध जाहीर व्याख्यानें देऊं लागल्या. १८३७ सालीं मॅसॅच्युसेट्समधील धर्मोपदेशकांनीं पत्रक काढून स्त्रियांनीं चारचौघांत असें बोलणें अनुचित असल्याचें बजावलें. त्यावर साराहनें स्त्रीपुरुषसमतेविषयीं पत्रें लिहिलीं. तीं १८३८ सालीं पुस्तकरूपानें निघालीं. दुसरीच्या पायांतली बेडी दाखवावयास गेलेल्या बाईला गप्प बसण्यास सांगण्यांत आलें, आणि त्या क्षणीं आपल्या तोंडावरचा हात तिला प्रथमच स्पष्ट दिसला, असा हा प्रकार आहे. १८४० सालीं लंडनला गुलामगिरीविरुद्ध जागतिक परिषद भरली, तींत अमेरिकेहून आलेल्या स्त्रियांना प्रतिनिधि म्हणून बसूं दिलें नाहीं. प्रेक्षकांच्या जागीं बसून त्यांनीं पुरुषांचीं स्वातंत्र्यावरचीं भाषणें ऐकलीं. १८४८ मधील सेनेका फॉल्सच्या स्त्री-परिषदेचें बीज त्या अपमानांत होतें.

चर्चा उत्तम झाली. हेट्टीची आई गोधडीवर ठिगळें लावून आपल्या आयुष्याची कथा शिवते, त्या प्रसंगाविषयीं बोलतांना एका भगिनीचा कंठ दाटून आला. गोधडी म्हटल्यावर मराठी बाईचें मन हलावें हें स्वाभाविकच आहे. सर्वांच्या बोलण्याचा सूर करुणेचा होता. आणि मग एका वयोवृद्ध गृहस्थांनीं समारोपादाखल म्हटलें, कीं आपलें भाग्य मोठें. आपल्या देशांत दारिद्र्य होतें, जातिभेद होता, परंतु माणसांची खरेदी-विक्री हा पाश्चात्यांचा रोग आपल्याकडे कधींच नव्हता. माना डोलल्या. चहा आला.

हें वाक्य खोटें आहे. आणि तें नुसतें खोटें असतें तर आम्ही लेखणी हातीं घेतली नसती. तें सोयीचें आहे, म्हणून तें पिढ्यान् पिढ्या टिकलें आहे.

हें सोंवळें फार जुनें आहे हें आम्हांस मान्य आहे. मेगॅस्थेनीसनें हिंदुस्थानांत गुलाम नाहींत असें लिहून ठेवलें, आणि तेव्हांपासून त्या ग्रीक वकिलाची साक्ष आमच्या कामीं येत आहे. पण ज्या काळाविषयीं तो लिहितो त्याच काळाशीं ज्याचें नांव जोडलेलें आहे त्या कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत दासांविषयीं एक स्वतंत्र प्रकरण आहे. मनूनें दासांचे सात प्रकार सांगितले, नारदानें ते पंधरापर्यंत वाढविले. जी वस्तु अस्तित्वांतच नाहीं तिचे पंधरा प्रकार मोजण्याइतका रिकामा वेळ आमच्या स्मृतिकारांना होता असें कोणीं म्हणूं नये. परंतु इतक्या दूर जाण्याची गरजहि नाहीं. स्मृति काय, त्या सर्व देशाच्या. आम्हांला बोलावयाचें आहे तें आमच्या घराविषयीं, मराठी राज्याविषयीं, आणि विशेषतः पुण्याच्या पेशवाईविषयीं.

अठराव्या शतकांतल्या मराठी कागदपत्रांत एक शब्द वारंवार येतो: कुणबीण. कुणबी जातीची स्त्री असा त्याचा अर्थ येथें घ्यावयाचा नाहीं. मोल्सवर्थच्या कोशांतहि त्याचा दुसरा अर्थ नोंदलेला आहे, तो म्हणजे गुलाम स्त्री. बटीक हा त्याचाच जोडीदार शब्द. स्वारींत धरून आणलेल्या, दुष्काळांत पोट भरेना म्हणून आईबापांनीं विकलेल्या, व्यापाऱ्यांनीं परमुलखांतून आणून विकलेल्या अशा या स्त्रिया. त्यांची खरेदी होत असे, विक्री होत असे, त्या बक्षीस म्हणून दिल्या जात, आणि मालकाच्या घरावर जप्ती आली म्हणजे मालमत्तेबरोबर त्यांचीहि मोजणी होत असे. खासगी घरांत दळण, कांडण, पाणी, शेणगोठा हीं त्यांचीं कामें. सरकारांतहि त्यांची मोठी भरती होती. किल्ल्यांवर, कोठींत, पागेंत, निरनिराळ्या कारखान्यांत त्या राबत. अंग थकलें, रोग जडला किंवा वय झालें म्हणजे सुटकेची विनंती करीत. ती कधीं मंजूर होई, पण पुष्कळदां बदली दुसरी कुणबीण द्यावी लागे किंवा रक्कम भरावी लागे. एका बाईची सुटका दुसऱ्या बाईच्या मानेवर जूं ठेवून विकत घ्यावी, याहून अधिक थंड डोक्याचा हिशेब चार्लस्टनच्या बाजारांतहि सांपडणें कठीण आहे.

हें कोणा मिशनऱ्याचें रचलेलें नाहीं. गणेश चिमणाजी वाड यांनीं निवडलेल्या सातारकर राजे व पेशवे यांच्या रोजनिशा विसाव्या शतकाच्या आरंभीं छापून निघाल्या. रियासतकार सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग १९३० ते १९३४ या अवधींत बाहेर पडले. हे सारे आमचेच लोक, आमच्याच इतिहासाचे अभिमानी. त्यांनीं कागद लपविले नाहींत. आम्हींच ते वाचले नाहींत, किंवा वाचले ते लढायांपुरते.

आतां ज्या गोष्टीमुळें हा विषय केवळ गुलामगिरीचा न राहतां स्त्रियांच्या हक्काचा होतो तिच्याकडे वळूं. कुणबीण होण्याचा आणखी एक मार्ग होता, आणि तो सरकारच्या कचेरींतून जात होता. बदकर्माचा, म्हणजे व्यभिचाराचा, आरोप ज्या स्त्रीवर शाबीत धरला जाई तिला सरकारांत दासी करण्याची शिक्षा होऊं शकत असे. शिक्षेंत जातीप्रमाणें फरक होता. वरच्या जातीच्या स्त्रीला एक न्याय, खालच्या जातीच्या स्त्रीला दुसरा. पण याचा अर्थ नीट ध्यानांत घ्यावा. नवऱ्यानें टाकलेली, दिरानें संशय घेतलेली, शेजाऱ्याशीं भांडण झालेली एखादी बाई गांवच्या तोंडावर येते, चौकशी होते, आणि त्या चौकशीच्या शेवटीं राज्याला एक फुकटची मजूर मिळते. ज्या राज्याला स्त्रीच्या शीलाचें रक्षण करण्यांत धान्य दळणारे दोन हात मिळत होते, तें राज्य त्या शीलाविषयीं दक्ष असल्यास नवल तें काय? आमच्याकडे पेशवाईंतील कडक नीतीचें कौतुक करणारे लेखक थोडे नाहींत. या नीतीचा जमाखर्च एकदां त्यांनीं मांडून पाहावा. घरांतली सून उंबऱ्याच्या आंत राहावी म्हणून उंबऱ्याबाहेर काय उभें केलेलें होतें, तें त्यांत दिसेल. कुणबीण ही नुसती कामकरी नव्हती. प्रत्येक सुनेला दाखविण्यासाठीं ठेवलेली ती एक धमकी होती.

म्हणूनच गुलामगिरी आणि स्त्रीचें पारतंत्र्य यांचा संबंध शोधण्यासाठीं आम्हांला ग्रिमके भगिनींची आवश्यकता नव्हती. त्यांना तो संबंध व्याख्यानपीठावर कळला. आमच्याकडे तो न्यायाच्या निवाड्यांतच लिहिलेला होता.

येथें कोणीतरी म्हणणारच, कीं असेना का गुलामगिरी, पण ती सौम्य होती. गुलाम म्हणजे घरचेंच माणूस. हा युक्तिवाद वजनदार आहे, कारण तो एल्फिन्स्टनसारख्या जाणत्या इंग्रजानेंहि केला आहे. आपल्या १८४१ च्या इतिहासांत त्यानें येथील घरगुती गुलामांना नोकरांप्रमाणेंच वागविलें जातें, किंबहुना ते कुटुंबांतले अधिक समजले जातात, असें लिहिलें. अमेरिकेंतील उंसाच्या व कापसाच्या मळ्यांशीं तुलना करतां येथील गुलामगिरीची जात निराळी होती हें आम्हीहि मान्य करतों. शेंकडों माणसांना चाबकाखालीं एका पिकासाठीं राबविण्याचा तो उद्योग येथें नव्हता. पण ‘घरचेंच माणूस’ या शब्दांत जो गोडवा आहे तो कोणाच्या जिभेवरचा, हें विचारावयास नको काय? मालकाच्या घरीं जन्मलेल्या कुणबिणीच्या मुलांसाठीं मराठींत लेकावळा असा एक स्वतंत्र शब्द आहे. हीं मुलें मालकाच्याच रक्ताचीं असल्याचें साऱ्या वाड्याला ठाऊक असे. तीं खरोखरच घरचीं होतीं. घरचीं होतीं, पण पंक्तींतलीं नव्हतीं. नांव होतें, पण वंशावळींत नव्हतें. 

चार्लस्टनमध्यें हेंच घडत होतें. ग्रिमके भगिनींच्या हेन्री नांवाच्या भावाला नॅन्सी वेस्टन या गुलाम स्त्रीपासून मुलें झालीं. हें त्या बहिणींना ठाऊक नव्हतें. यादवी युद्ध संपल्यावर, १८६८ सालीं, अँजेलिनानें वर्तमानपत्रांत ग्रिमके आडनांवाच्या एका कृष्णवर्णी विद्यार्थ्याचा उल्लेख वाचला. तिनें पत्र घातलें, उत्तर आलें, हे आपल्या भावाचे मुलगे हें तिला कळलें. साठी ओलांडलेल्या त्या बाईनें तोंड लपविलें नाहीं. ती त्यांना जाऊन भेटली, भाचे म्हणून त्यांना घरीं आणलें आणि दोघी बहिणींनीं त्यांच्या शिक्षणाला हातभार लावला. आर्चिबाल्ड हार्वर्डमधून कायदा शिकून वकील झाला, फ्रान्सिस धर्मोपदेशक झाला. कादंबरींत हा प्रसंग नाहीं. ती त्याच्या पुष्कळ आधींच संपते. पण साऱ्या कथेंत आम्हांला अत्यंत मोठा वाटतो तो हाच प्रसंग. व्याख्यान देणें सोपें नव्हतें हें खरें, पण आपल्याच घराण्यांतलें पाप आपल्या दिवाणखान्यांत पाहुणा म्हणून बसविणें ही गोष्ट निराळी. आतां आमच्याकडील जुन्या घराण्यांचे इतिहास काढून पाहावे. कुलवृत्तान्त छापण्याचा हौशी उद्योग गेल्या शतकांत महाराष्ट्रांत जोरानें चालला. मूळ पुरुष, शाखा, इनामें, सनदा, साऱ्यांची नोंद झाली. त्यांत एखाद्या घराण्यानें आपल्या लेकावळ्यांची शाखा शोधून काढून तिला पत्र घातल्याचें कोणाच्या वाचनांत असल्यास आम्हांला कळवावें. आम्ही तें आनंदानें प्रसिद्ध करूं.

दुसरा आक्षेप अधिक भावनेचा आहे. शिवछत्रपतींनीं माणसांचा व्यापार बंद केला होता, असें म्हणतात. तें अगदीं खरें आहे, आणि आम्हीहि तें अभिमानानें सांगतों. १६७७ सालीं दक्षिण दिग्विजयाच्या वेळीं जिंजीच्या प्रांतांत डच व्यापाऱ्यांना जो कौल दिला त्यांत, पूर्वीच्या अमलांत स्त्रीपुरुष गुलाम विकत घेऊन नेण्याची मोकळीक असली तरी आपल्या अमलांत ती मिळणार नाहीं, असें महाराजांनीं स्पष्ट लिहून दिलें. जगांतील थोर थोर राष्ट्रें ज्या काळांत या व्यापारावर गबर होत होतीं त्या काळांतला हा कौल आहे. परंतु त्याचा उपयोग आम्ही कसा करतों? ढालीसारखा. महाराजांनीं जें नाकारलें तें त्यांच्या मागून शंभर वर्षांच्या आंत त्यांच्याच नांवानें चालणाऱ्या राज्यांत रोजच्या व्यवहाराचें झालें, ही गोष्ट त्या कौलामुळें झांकली जात नाहीं. उलट ती अधिक उघडी पडते. ज्याच्यापुढें आदर्श नव्हता त्यानें चूक केली तर एक वेळ क्षमा. ज्याच्या घरीं आदर्शाचा कागद होता त्यानें काय सांगावें?

चाकणच्या वाचकांना तर हा इतिहास दूरचा वाटावयास नको. गांवांतच संग्रामदुर्ग आहे. १६६० सालीं शाहिस्तेखानाच्या अफाट फौजेपुढें फिरंगोजी नरसाळ्यानें तो भुईकोट जवळजवळ दोन महिने झुंजविला, ही कथा येथल्या शाळेंतल्या मुलाला पाठ असते, आणि असावीच. नाशिकच्या याच सडकेनें वर गेलें म्हणजे जुन्नर लागतें; निजामशाहीचा कारभार कांहीं काळ जेथून मलिक अंबरानें चालविला तें जुन्नर. मलिक अंबर हा हबसाणांतून विकत आणलेला गुलाम. त्याला आम्ही विसरलों नाहीं. गुलामाचा वजीर झाला, फौजा लढविल्या, धारा बसविला, म्हणून तो लक्षांत राहिला. पण प्रत्येक गुलामानें वजीर झाल्याशिवाय त्याची आठवण ठेवावयाची नाहीं असा कांहीं नियम आहे काय? गडकोटांच्या वर्णनांत आम्ही बुरूज मोजतों, तोफा मोजतों, खंदकाची खोली सांगतों. कोठींतलें धान्य दळलें कोणीं, हा प्रश्न कोणा मार्गदर्शकाला एखाद्या मुलानें विचारला तर तो गोंधळून जाईल.

इतिहासकारांनीं थोडेंफार काम केलें आहे. उमा चक्रवर्ती, सुमित गुहा यांसारख्या अभ्यासकांनीं पेशवाईंतील स्त्रिया आणि गुलाम यांविषयीं इंग्रजींत विस्तारानें लिहिलें. ज्यांनीं तें मराठी घरांत पोंचवावयाचें होतें, त्या कादंबरीकारांविरुद्ध आमची मुख्य तक्रार आहे. मराठी ऐतिहासिक कादंबरी १८७१ च्या ‘मोचनगडा’पासून धरली तरी दीडशें वर्षांची झाली. हरिभाऊ आपटे झाले, नाथमाधव झाले. पुढें ‘स्वामी’ आली, ‘राऊ’ आली, ‘पानिपत’ आली. घरोघर वाचल्या गेलेल्या या वाङ्मयाचा आम्हांलाहि लोभ आहे. पण या साऱ्या परंपरेंत दासी काय करते? ती समई उजळते. निरोप आणते. पडदा बाजूला सारते, मालकीण रडूं लागली म्हणजे पदरानें आपलेहि डोळे पुसते, आणि प्रकरण पुढें गेलें कीं नाहींशी होते. ती कोठून आली, तिला कितीला घेतलें, तिचें मूल कोठें आहे, हें विचारण्याची गरज बहुतेक लेखकांना वाटली नाहीं. पानिपतावर पकडल्या गेलेल्या आमच्या बायकामुलांना अब्दालीच्या लोकांनीं गुलाम करून नेलें, त्या दुःखानें मराठी लेखणी आजहि थरथरते, आणि थरथरावीच. पण तीच लेखणी शनिवारवाड्यांत शिरली म्हणजे तिला गुलाम दिसेनासा होतो. परक्यानें आमच्यावर लादलेली ती गुलामगिरी. आम्हीं लादलेली ती रीतभात.

त्या मंडळांतील एका शिक्षिकेनें, वरील वाक्याला आम्हीं हरकत घेतली तेव्हां, एक मार्मिक शंका काढली. त्या म्हणाल्या, साराह ग्रिमकेचीं पत्रें आहेत, आठवणी आहेत, म्हणून तिच्यावर कादंबरी होऊं शकली. आमच्या कुणबिणीनें मागें एक अक्षर ठेवलें नाहीं. दप्तरांतल्या दोन ओळींवरून कादंबरी कशी लिहावी? हा आक्षेप वाङ्मयाच्या बाजूनें आलेला आहे आणि त्याला उत्तर देणें आम्हांला सर्वांत अवश्य वाटतें.

साराहविषयीं साधनें होतीं हें खरें. पण हेट्टीविषयीं किती होतीं? साराहला लहानपणीं हेट्टी नांवाची मुलगी सेवेसाठीं दिली होती, रात्रीं दाराच्या किल्लीचें भोंक झांकून तिनें तिला अक्षरें शिकविलीं होतीं, तें उघडकीस आल्यावर दोघींना शिक्षा झाली, आणि ती मुलगी फार दिवस जगली नाहीं. एवढेंच. खरी हेट्टी दोन ओळींत संपते. कादंबरींतली हेट्टी म्हातारपणाकडे झुकेपर्यंत जगते, शिवते, चोरून वाचते, बंड करते, ती सर्व लेखिकेच्या कल्पनेनें दिलेल्या आयुष्यावर. म्हणजे ज्या पात्रासाठीं आमच्या भगिनींचे डोळे ओले झाले तें पात्रच दोन ओळींतून उभें राहिलेलें आहे. मग दोन ओळी आमच्याजवळहि आहेत. नव्हे, अधिक आहेत. आमच्याजवळ उणी आहे ती इच्छा. आणि उणेपणाचें एक कारण असेंहि आहे, कीं हेट्टीची गोष्ट सांगण्यास साराह तयार झाली. आमच्या वाड्यांतली साराह अजून बोलावयाची आहे.

तिला बोलावयास संधि नव्हती असें नाहीं. जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अर्पण केली ती अमेरिकेंतील ज्या सत्पुरुषांनीं गुलामांना मुक्त करण्यासाठीं झीज सोसली त्यांना. समुद्रापलीकडचें उदाहरण घेऊन त्यांनीं तें थेट आपल्या गांवाला लावलें. ताराबाई शिंद्यांनीं १८८२ सालीं ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. पंडिता रमाबाई अमेरिकेस जाऊन आल्या आणि १८८९ सालीं तेथील लोकस्थितीवर त्यांनीं मराठींत पुस्तक काढलें. पण पुढें स्त्रीसुधारणेची जी मोठी लाट आली तिचें लक्ष सोंवळ्यांतल्या विधवेवर खिळलें. तिचें दुःख खरें होतें, त्यावर लिहिलेंच पाहिजे होतें. मात्र त्याच घराच्या मागल्या अंगणांत जी बसली होती तिच्यापर्यंत तो कंदील गेला नाहीं. १८४३ च्या पांचव्या कायद्यानें कोर्टांनीं गुलामाची मालकी मानण्याचें बंद केलें, आणि १८६० चें दंडविधान १८६२ पासून अमलांत आल्यावर गुलामाची खरेदी-विक्री हा गुन्हा झाला. त्या कायद्यानें कोणाचें दार ठोठावून कोणाला सांगितलें नाहीं कीं बाई, तूं आजपासून मोकळी आहेस. अमेरिकेंत या प्रश्नावर रक्ताचे पाट वाहिले. आमच्याकडे तो इतका निमूटपणें मिटला, कीं तो कधीं होता हेंच लोक विसरले.

लोक विसरले, भाषा विसरली नाहीं. ‘मी काय तुमची बटीक आहें?’ हा प्रश्न किती मराठी संसारांत विचारला गेला असेल! संतापलेल्या गृहिणीच्या तोंडीं तो आजहि येतो. ती जेव्हां हें म्हणते तेव्हां बटकीची स्थिति काय असते, बटकीला काय सोसावें लागतें, हें तिला आणि ऐकणाऱ्या नवऱ्याला पक्कें ठाऊक असतें. त्याशिवाय त्या शब्दाला धार येती ना. आमच्याकडे उपमा उरली आणि उपमान नाहींसें झालें. आपल्या दुःखाला वजन यावें म्हणून त्या बाईचें नांव घ्यावयाचें, आणि ती बाई होती का असें विचारलें कीं पाश्चात्यांकडे बोट दाखवावयाचें, हा न्याय मराठी गृहिणीला शोभत नाहीं. स्त्रीस्वातंत्र्यावर बोलणाऱ्या भगिनींना तर मुळींच नाहीं.

असले विषय काढल्यानें जातिजातींत तेढ वाढते असेंहि एक-दोघे म्हणाले. गुलाम ठेवणारे एका जातीचे नव्हते. ब्राह्मण होते, सरदार होते, पाटील होते. ज्याच्यापाशीं पैसा आणि दांडगाई होती त्याच्या घरीं कुणबीण होती. तेव्हां हा आरोप एका जातीवर ढकलून मोकळें होण्याची सोय कोणालाच नाहीं. याहून अधिक कालक्षेप या मुद्द्यावर करण्याची जरूर दिसत नाहीं.

चहाच्या वेळीं आणखी एक गोष्ट मनांत आली, ती सांगतों. तो आणून देणारी बाई आज कुणबीण नाहीं. ती पगार घेते, पटलें नाहीं तर काम सोडते. हा फरक लहान नाहीं, आणि तो पुसट करणारे भावविवश लोक आम्हांला आवडत नाहींत. पण घरकाम करणाऱ्यांसाठीं महाराष्ट्रांत २००८ सालीं कल्याण मंडळाचा कायदा झाला आहे. चार्लस्टनच्या हेट्टीसाठीं ज्यांचे डोळे भरून आले त्यांपैकीं किती जणांनीं आपल्या स्वयंपाकघरांतल्या बाईला, तुझी नोंदणी झाली आहे का, एवढें विचारलें आहे, तें त्यांचें त्यांनाच ठाऊक. आम्हीं त्या दिवशीं विचारलें नाहीं, पाहुणे होतों.

मंडळानें पुढील महिन्यासाठीं आणखी एक परकी कादंबरी निवडली आहे असें कळतें. ती वाचूं नये असें आम्ही म्हणणार नाहीं. आमची सूचना एवढीच, कीं त्याच बैठकींत पेशव्यांच्या रोजनिशांतलीं, कुणबिणींच्या नोंदीचीं, दोन-चार पानें कोणीतरी मोठ्यानें वाचावीं. छापील भाग जुन्या ग्रंथालयांतून मिळतात. मूळ कागद पाहावयाचे असतील तर पेशवे दप्तर पुण्यांतच आहे. लिपि मोडी आहे, ती शिकविणारे वर्गहि पुण्यांत चालतात. चाकणच्या चौकांत मोटारींची कोंडी असते हें आम्हांला ठाऊक आहे. तरी पण चार्लस्टनहून पुणें जेवढें दूर आहे तेवढें तें चाकणहून दूर नाहीं. एखाद्या सकाळीं लवकर निघालें म्हणजे दुपारच्या आंत पहिला रुमाल सोडून होईल.